एमआरआय स्थिर आहे, मग पाय का ऐकत नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय ३६, अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचा आजार) निदान झालं. गोळी नियमित सुरू आहे, दोन वर्षांत नवा अटॅक नाही, एमआरआय स्थिर. तरी दुपारनंतर उजवा पाय ओढला जातो, रात्री पोटऱ्या आखडतात, लघवीला धावत सुटावं लागतं, थकवा तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये घरातल्या घरात भिंत धरून चालते. डॉक्टर म्हणतात आजार आटोक्यात आहे. मग हे काय? व्यायाम करावा की जपून राहावं? काठी घ्या म्हणतात, पण मन होत नाही."

ताई, डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे आणि तुमची तक्रारही खरी आहे. मी फिजिओथेरपिस्ट. नागपुरात चोवीस वर्षं मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांचे पेशंट बघते आहे. गोळ्यांचे डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं. पण त्या गोळ्या घेऊन माणसं घरी कशी वावरतात, कुठे पडतात, कशाने उठतात, हे मी रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची ती नियमित गोळी नवी जखम होऊ नये म्हणून आहे. आधीच्या अटॅकमध्ये, म्हणजे आजार उफाळला तेव्हा, मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जिथे गेलं, तिथे वण राहिला. एमआरआय स्थिर म्हणजे नवे वण नाहीत. जुने पुसले गेले, असा त्याचा अर्थ नाही. त्या वणातून संदेश जातो, पण काठावर जातो. सगळं अनुकूल असेल तर पाय उचलला जातो, जरा काही बिघडलं की तोच संदेश अडतो. म्हणून सकाळी दहाला तुम्ही फळ्यापाशी उभ्या असता आणि दुपारी तीनला तोच पाय फरशीला घासतो. त्या पाच तासांत आजार वाढलेला नसतो.

माझ्याकडे कुणी "मॅडम, आज फारच वाईट आहे" म्हणत आलं, की मी पाय तपासायच्या आधी विचारते: गेल्या दोन दिवसांत वेगळं काय झालं? ऊन लागलं का, अंगात कणकण आहे का, लघवीला वास येतोय का, पोट साफ झालं का, झोप झाली का, नवी गोळी सुरू झाली का, नवीन बूट घेतले का. दहातल्या सहा-सात जणांचं उत्तर इथेच सापडतं. आजाराच्या वणावर अशी एखादी छोटी गोष्ट येऊन बसते आणि माणसाला वाटतं, एमएस वाढला.

तुमच्या बाबतीत पहिला संशय उष्णतेचा. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं होतं, की श्रम झाले की एमएसच्या पेशंटची नजर काही वेळ अंधुक होते. पुढे कळलं की कारण श्रम नव्हे, श्रमाने वाढलेलं शरीराचं तापमान. आवरण गेलेला मज्जातंतू गरम झाला की संदेश पुढे ढकलू शकत नाही. अर्धा अंश सेल्सिअस वाढ पुरते. एमआरआय नव्हता तेव्हा डॉक्टर संशयित पेशंटला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि लक्षणं वर येतात का ते बघायचे. अकोल्याचा मे महिना म्हणजे तीच परीक्षा, फक्त रोज आणि कुणी न सांगता.

हे तात्पुरतं असतं. अंग थंड झालं की साधारण अर्ध्या-एक तासात पाय पूर्वपदावर येतो. उष्णतेने नवी जखम होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या उन्हाळ्यात माणसं इतकी घाबरतात की घराबाहेर पडणंच सोडतात आणि मग न वापरल्यामुळे पाय खरंच अशक्त होतात. आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडे सहसा बोलली जात नाही. आपलं तापमान मुळातच दुपारनंतर थोडं चढतं आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यातही थोडं चढलेलं असतं. त्या दिवसांत पाय जास्त जड वाटत असेल तर तो मनाचा खेळ नाही. कॅलेंडरवर खूण करून दोन-तीन महिने बघा.

आता उपाय. विदर्भात आपलं एक नशीब आहे, हवा कोरडी. कूलर इथे खरंच काम करतो, ओली ओढणी मानेवर टाकली की दहा मिनिटांत फरक पडतो. हाच सल्ला मी रत्नागिरीच्या एका पेशंटला दिला आणि तिने मला फोनवर हसून सुनावलं. दमट हवेत पाणी वाळतच नाही, तर थंडावा कुठून येणार? तिथे एसी किंवा थंड पाण्याने अंग पुसून पंख्याखाली बसणं. तुमच्याकडेही पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो, आणि ४४ अंशांत नुसता पंखा म्हणजे अंगावर गरम हवा. बाहेर पडायच्या किंवा व्यायामाच्या आधी थंड पाण्याचा मोठा पेला पिऊन घ्या. हे फार साधं वाटतं, पण आतून थंड होऊन निघालं की पाय जास्त वेळ साथ देतो. शाळेतून आल्यावर मनगटापासून कोपरापर्यंत हात थंड पाण्याच्या बादलीत बुडवून पाच-दहा मिनिटं बसा. बाजारात थंडाव्याची जॅकेटं मिळतात, ती महाग असतात. सुती बंडीला चार खिसे शिवून त्यात जेल पॅक ठेवले तरी चालतं. फक्त पॅक कापडात गुंडाळा. ज्या भागाला बधिरपणा आहे तिथे बर्फाने कातडी पोळली तरी कळत नाही.

बधिर पायाला शेक देऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीने आलेले फोड मी इतके पाहिले आहेत की आता राग येतो. आंघोळीचं पाणी कोमट, आणि ते बऱ्या हाताने तपासून. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल ठेवून बसून आंघोळ करा. कडक पाण्याने आंघोळ करून उठताना पाय गेला आणि मोरीत पडली, ही गोष्ट दर हिवाळ्यात कुणीतरी सांगतंच. पंचकर्माबद्दलही लोक विचारतात. हलक्या हाताच्या मालिशने बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही, पण त्यानंतरची वाफेची पेटी एमएसच्या माणसासाठी नाही. चालत आत गेलेला माणूस उचलून बाहेर आणावा लागतो, आणि मग घरचे म्हणतात, अटॅक आला. ताप आला तर अंगावर काढू नका. पॅरासिटामॉल, ओल्या कापडाची पट्टी आणि तापाचं कारण शोधणं, सगळं त्याच दिवशी.

लघवीचं जास्त सविस्तर लिहिते, कारण बायका हे शेवटी सांगतात, तेही दाराशी गेल्यावर. एमएसमध्ये मूत्राशय दोन तऱ्हांनी बिघडतं. एक, ते थोडं भरलं की लगेच आकुंचन पावतं, म्हणून घाई. दुसरं, ते पुरतं रिकामं होत नाही, आत शिल्लक राहते, म्हणून थोड्या वेळात पुन्हा लागते. पेशंटला दोन्हींत एकच जाणवतं: सारखं जावं लागतं. उपाय मात्र उलटे. घाई कमी करणाऱ्या सोलिफेनॅसिन, टोल्टेरोडिनसारख्या गोळ्या मूत्राशय सैल करतात; आत आधीच शिल्लक राहत असेल तर ती आणखी वाढते. म्हणून गोळीच्या आधी सोनोग्राफी करून घ्या, लघवी करून आल्यावर आत किती उरलं ते मोजणारी. शंभर मिलिलिटरच्या वर शिल्लक असेल तर मार्ग वेगळा. सोबत तीन दिवसांची वही ठेवा: किती वाजता, अंदाजे किती, थेंब गेले का, काय प्यायलात. ही वही घेऊन गेलात तर डॉक्टरांची पाच मिनिटं वाचतात आणि तुमचा एक चुकीचा प्रयोग वाचतो. आणि त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, पोट घट्ट होतं, काहींचं डोकंही मंद वाटतं. मिराबेग्रॉन या घाईवरच्याच दुसऱ्या गोळीने पोटाचा त्रास कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं.

शाळेतल्या बायकांचा एक वेगळाच घोटाळा असतो. स्वच्छतागृह धड नसतं म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. तुम्हीही हेच करत असाल अशी मला जवळजवळ खात्री आहे. त्याने घाई कमी होत नाही. घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते, संसर्ग होतो, पोट साफ होत नाही, आणि हे तिन्ही मिळून संध्याकाळी पाय आखडतात. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी, थोडं थोडं, संध्याकाळी सातनंतर कमी. चहा दोन कपांवर आणा; खोलीतल्या सहशिक्षिकांचा राग ओढवला तरी चालेल. लागली की जाण्याऐवजी घड्याळ बघून दर दोन-अडीच तासांनी जाऊन या, घाई यायच्या आत. झाल्यावर अर्धा मिनिट थांबून, थोडं पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करा.

शिल्लक जास्त राहत असेल तर स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं शिकवलं जातं. हे ऐकूनच बायका रडतात. मी एवढंच सांगते, की आरसा आणि एक धीराची नर्स मिळाली तर बहुतेक जणी थोड्याच दिवसांत शिकतात, आणि मग लग्नकार्याला जायला लागतात. कायमची पिशवी लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

संसर्गाची गंमत अशी की एमएसमध्ये जळजळ, ताप काहीच नसतानाही तो असू शकतो. फक्त पाय अचानक आखडतात, ताकद जाते. म्हणून दोन दिवसांत अवचित बिघडलं तर पहिली तपासणी लघवीची, कल्चरसकट, म्हणजे जंतू वाढवून कोणता ते बघणारी; अँटिबायोटिक त्यानंतर. नुसत्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले आणि तुम्हाला काहीच त्रास नाही, तर सहसा औषध लागत नाही.

पोटाबद्दल थोडक्यात: नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी आतडं आपोआप हलतं, तीच वेळ धरून बसा. भारतीय संडासाची बैठक चांगली, पण उठताना तुमचा पाय दगा देईल. कमोड आणि पायाखाली छोटा पाट, म्हणजे बैठकही जमते आणि उठताही येतं. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर उलट घट्ट होतं.

पोटऱ्या आखडण्याकडे येते. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, आमच्याही. ताठरपणा दिसला की तो घालवायचा, असं वाटतं. पण अशक्त पायाला तोच ताठरपणा कधीकधी उभं ठेवतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई बॅक्लोफेन ही ताठरपणा कमी करणारी गोळी वाढवल्यावर आल्या. पाय छान सैल, तपासायला सुंदर, आणि बाईंना उभंच राहता येईना. त्यांनीच मला विचारलं, "आधी कडक होते, पण माझे होते. आता हे कुणाचे?" डोस खाली आणला, त्या पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी आधी विचारते की ताठरपणा कुठे आडवा येतो. रात्री झोप मोडते? मग डोस रात्रीचा. चालताना टाच टेकत नाही? मग वेगळा विचार. दिवसा फारसा त्रास नाही? मग दिवसा राहू दे.

बॅक्लोफेन साधारण पाच मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात. ती अचानक बंद करायची नाही. गावाला गेलात आणि गोळ्या घरी राहिल्या, असं होता कामा नये. एकदम थांबवल्याने भास, फिट येऊ शकते. टिझॅनिडिन या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीने झोप येते, रक्तदाब उतरू शकतो, यकृताची तपासणी मधून मधून लागते. एकाच स्नायूचा त्रास असेल, उदाहरणार्थ पोटरी ओढून टाच वर राहते, तर तिथे स्नायू सैल करणारं बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन चांगलं काम करतं, पण नंतरचे आठवडे स्ट्रेचिंग केलं तरच. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसणं म्हणजे पैसे वाया.

तुमच्यासाठी आज रात्रीपासून: झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, उजवा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, मिनिटभर तसंच. झटके द्यायचे नाहीत. तीनदा. उभं राहणं जड जात असेल तर पलंगावर बसून तळव्याला टॉवेल अडकवून ओढा. आणि ताठरपणा एकाएकी वाढला तर शरीरात खालच्या अंगाला कुठेतरी दुखतंय का बघा, तुम्हाला जाणवत नसलं तरी: भरलेलं मूत्राशय, घट्ट पोट, बोचणारा बूट, मांसात शिरलेलं नख. एका काकांचा पाय तीन आठवडे लाकडासारखा होता, दोन डॉक्टर झाले, शेवटी अंगठ्याचं नख निघालं.

थकव्याबद्दल मला एक खंत आहे. एमएसमध्ये दहांपैकी सात-आठ जणांना तो असतो, आणि घरातले त्याला आळस म्हणतात, कारण दिसत काहीच नाही. पण सगळा थकवा एमएसच्या नावावर टाकू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व तपासा. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की ते न बघता एमएसला दोष देणं चूक. रात्री तीनदा लघवीला उठत असाल तर थकव्याचं औषध म्हणजे मूत्राशयाचा उपचार. मन खचलं असेल तर तेही सांगा, त्याला उपचार आहे. ताठरपणाच्या आणि दुखण्याच्या गोळ्याही गुंगी आणतात. अमांटाडिन, मोडाफिनिल थकव्यासाठी अनेक वर्षं लिहिली जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १४१ पेशंटवर ही दोन्ही आणि मिथाइलफेनिडेट, तिन्ही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. एखाद्याला उपयोग होत असेल तर घ्यावी, पण भिस्त त्यांवर ठेवू नये.

भिस्त ठेवायची ती दिवसाच्या आखणीवर. तुमच्या भागात नळ रोज येत नाही. भरलेली टाकी किती दिवस पुरवायची हे तुम्हाला मी काय शिकवणार? तसंच अंगातल्या शक्तीचं. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. अवघड तास पहिल्या दोन तासिकांत मागून घ्या. वर्गात उंच खुर्ची ठेवा, फळ्यावरचं लिहिणं मुलांकडून करून घ्या. स्वयंपाक पहाटे, ओट्याशी स्टूल घेऊन. दुपारी गॅससमोर उभं राहणं तुमच्यासाठी दुहेरी मार आहे. शनिवारी बरं वाटलं म्हणून सगळी घरसफाई उरकली की रविवार-सोमवार गेलेच. हे प्रत्येक जण एकदा करतो आणि मग ऐकतो.

आता व्यायाम. तुम्हाला कुणीतरी "जपून राहा" सांगितलं असेल. तो सल्ला जुना आहे. कित्येक दशकं जगभर हेच सांगितलं जायचं, कारण व्यायामाने अंग तापून लक्षणं वर यायची आणि डॉक्टरांना वाटायचं, आजार वाढतोय. १९९६ मध्ये युटा विद्यापीठातल्या जॅक पेटाजान आणि सहकाऱ्यांनी पेशंटना पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं हातापायांची सायकल चालवायला लावली. दम वाढला, ताकद वाढली, आजार बिघडला नाही. त्यानंतर वारं फिरलं. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये जे प्रमाण सांगितलं ते मी आजही वापरते: सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा तीस मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा.

तीस मिनिटं सलग हवीत असं नाही. तुम्ही दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, मध्ये पाच मिनिटं बसून. सकाळी सहाला, कूलरसमोर, जागेवरची सायकल सगळ्यांत सुरक्षित, पडायची भीती नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागू द्या. ताकदीसाठी महागडी यंत्रं नकोत: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, ओटा धरून टाचा उचलणं, उताणं झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं. दिवसाआड. तोल सांभाळायचे व्यायाम ओट्याच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना धरायला असेल असे. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर उत्तमच, पाणी साधारण २८ अंशांच्या आसपास. गरम तलाव नको.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? व्यायामाने पाय जड होणं, नजर जराशी अंधुक होणं चालतं, पण विश्रांती घेऊन तासाभरात ते गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळीही उरलं असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा, सोडू नका. नवा अटॅक सुरू असताना मात्र विश्रांतीच, मग हळूहळू पुन्हा.

पाय ओढला जातो तो बहुधा पाऊल उचलणारा स्नायू थकल्यामुळे. त्यासाठी प्लास्टिकचा आधार मिळतो, आम्ही त्याला एएफओ म्हणतो, पाऊल नव्वद अंशांत धरून ठेवतो. तो बुटात घालायचा असतो आणि आपण उंबऱ्याशीच चपला काढणारी माणसं. त्यामुळे दिवसभर शाळेत आधार आणि घरी येऊन अनवाणी, म्हणजे जिथे जास्त थकवा तिथेच आधार नाही. घरापुरता एक स्वच्छ बूट वेगळा ठेवा, सासूबाईंना समजावून सांगा. स्लिपर तर पूर्ण बंद. ती पायातून निसटते आणि मागे वळून बघेपर्यंत कळत नाही, हा तर या आजाराचा अनेकांचा पहिला इशारा असतो. मागून पट्टा असलेली, हलकी, सपाट तळाची सँडल घ्या. आधार तयार घेण्यापेक्षा मापाने करून घ्या, आणि पहिले पंधरा दिवस रोज रात्री पायावर लाल वण उठला का ते नवऱ्याला बघायला सांगा, कारण बधिर कातडी तक्रार करत नाही.

चालण्यासाठी फँप्रिडिन नावाची गोळी आहे, दहा मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने. ती अटॅक थांबवत नाही, वणातून संदेश जायला मदत करते. साधारण तिघांपैकी एकाला फरक पडतो, म्हणून ती घेण्याआधी २५ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर, चालायला किती सेकंद लागतात ते मोजतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. फरक नसेल तर बंद. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ही गोळी नाही, आणि ती तोडून-चावून घ्यायची नाही.

बाकीची लक्षणं तुम्ही लिहिली नाहीत, तरी झटकन सांगते. मान पुढे वाकवली की पाठीतून विजेची लहर जाते, ती घाबरवते पण इजा करत नाही. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, पायांची आग होणं, ही मज्जातंतूंची दुखणी. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा त्यावर उपयोग नाही, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखं औषध लागतं. चेहऱ्यावर सुरी फिरवल्यासारखी कळ आली तर दात काढायला धावू नका, आधी न्यूरॉलॉजिस्ट. दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा झाकून काम उरकतं, कायम झाकून ठेवू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर हनुवटी छातीकडे आणून गिळा आणि लवकर दाखवा. संबंधांच्या वेळी कोरडेपणा, संवेदना कमी होणं, पाय आखडणं, हेही याच वणांमुळे असतं आणि त्यालाही उपाय आहेत. डॉक्टर विचारत नाहीत म्हणून तुम्ही गप्प राहू नका.

खरा अटॅक ओळखायची साधी कसोटी: नवं लक्षण, किंवा जुनंच पण ठळकपणे वाढलेलं, चोवीस तासांहून जास्त सलग टिकलेलं, ताप किंवा संसर्ग नसताना. असं असेल तर लगेच न्यूरॉलॉजिस्टला कळवा. प्रत्येक वाईट दिवसाला स्टिरॉइडचं सलाइन लावून घेणारे पेशंट मी पाहिले आहेत, उन्हाळ्यात दोन-दोनदा. संसर्ग असताना स्टिरॉइड दिलं तर संसर्ग बळावतो. आणि खऱ्या अटॅकमध्येही ते बरं व्हायचा वेग वाढवतं, पुढचं अपंगत्व टाळत नाही.

शाळेतल्या कागदपत्रांचंही बघून ठेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव थेट आहे. शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडून तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची मर्यादा आहे. तपासणीला दुपारी जा, हा माझा प्रामाणिक सल्ला. सकाळच्या थंड हवेत तुम्ही डॉक्टरांसमोर ताठ चालून दाखवाल आणि कागदावर तेच उतरेल.

राहिली काठी. ती डाव्या हातात धरायची, कारण अशक्त पाय उजवा आहे. जवळजवळ सगळे उलट धरतात. उंची अशी, की हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेघेशी यावी. घडीची घ्या, पर्समध्ये राहते. सकाळी लागली नाही तर काढू नका, तिसऱ्या तासिकेनंतर काढा. मुलं पहिल्या दिवशी विचारतील, "बाई, काय झालं?" माझ्या एका पेशंटने, त्याही शिक्षिकाच, वर्गाला पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून काठी उचलून द्यायला पोरांत भांडणं लागली. पावसाळ्याआधी काठीच्या टोकाचं रबरी बूच बदला. ते झिजून गुळगुळीत होतं आणि शाळेच्या ओल्या व्हरांड्यात तिथूनच काठी सरकते.